बाळाच्या श्रवणचाचणीत 'रेफर' शेरा आला आहे; बेरा आत्ताच करावी की थांबावे?

प्रश्न : मानेवाड्याचा नवा बाबा

नमस्कार. आमचा मुलगा ३३व्या आठवड्यात जन्मला. वजन दीड किलोच्या आसपास असल्यामुळे पहिले १२ दिवस तो नवजात अतिदक्षता विभागात होता. त्यातले चार दिवस कावीळ वाढल्याने निळ्या दिव्याखाली गेले, आणि जंतुसंसर्गाच्या शंकेवरून त्याला सात दिवस अमिकासिनची इंजेक्शने दिली गेली. आज तो अडीच महिन्यांचा आहे, वजन नीट वाढते आहे आणि पहाटे दुधासाठी असा टाहो फोडतो की शेजाऱ्यांना गजर लावावा लागत नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात बिलाच्या पावतीसारखी एक गुळगुळीत चिठ्ठी टाचलेली होती आणि तिच्यावर दोन्ही कानांसमोर 'रेफर' असे छापलेले होते. मी विचारले, तेव्हा "कानात पाणी असेल, लसीला याल तेव्हा पाहू" एवढेच उत्तर मिळाले. (दवाखान्याचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, बाकी उपचार त्यांनी मनापासून केले.) दीड महिन्याच्या लसीच्या वेळी मीच आग्रह धरून चाचणी पुन्हा करून घेतली. या वेळी उजवा कान 'पास' आणि डावा पुन्हा 'रेफर' आला. आता बालरोगतज्ज्ञांनी बेरा, म्हणजे आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो का हे पाहणारी तपासणी, करून घ्यायला सांगितले आहे.

घरात मात्र दोन मते आहेत. माझ्या आईने पाळण्यामागे उभे राहून स्टीलची थाळी वाजवली, बाळ दचकले, आणि तिच्या मते विषय तिथेच संपला. शिवाय बायकोचा भाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आता तो वकिली करतो, हा दाखला रोज एकदा तरी दिला जातो. आईची खरी भीती अशी आहे की तपासणीसाठी एवढ्याशा जिवाला झोपेचे औषध देतील. बायकोचे म्हणणे आहे की शंका आहे तर आजच जाऊ. मी मधल्या मध्ये आहे. एक कान पास असताना घाई करण्याची खरोखर गरज आहे का, वर्षभराचा झाल्यावर तपासणी जास्त खात्रीची होते का, आणि झोपेच्या औषधाचे काय, या गोष्टी अनुभवी लोकांकडून समजून घ्यायच्या आहेत.


उत्तर : श्रवणतज्ज्ञ, धंतोली

आपण दुसऱ्यांदा आग्रह धरून चाचणी करून घेतली, हे उत्तम केले. आता बेरा करून घ्या आणि ती याच महिन्यात करून घ्या. कारण थोडे सविस्तर सांगते, म्हणजे घरात समजावणे सोपे जाईल.

आपल्या बाळाची जी चाचणी झाली तिला ओएई म्हणतात. कान केवळ आवाज घेतो असे नाही, तर आतल्या शंखाकृती भागातील सूक्ष्म केशपेशी हलल्यामुळे तो स्वतःही अतिशय बारीक आवाज बाहेर पाठवतो, हे डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ साली दाखवून दिले. कानात बसवलेली छोटी बोंडी टिकटिक असा आवाज सोडते आणि तिच्यातलाच मायक्रोफोन तो परतीचा आवाज टिपतो. परतीचा आवाज मिळाला नाही की यंत्र 'रेफर' छापते. 'रेफर' म्हणजे 'नापास' नव्हे आणि 'बहिरा' तर मुळीच नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की पुढच्या तपासणीला पाठवा. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट पांढरा थर किंवा पाणी असते, त्यामुळे सुदृढ बाळांनाही हा शेरा मिळतो आणि पुढे बहुतेकांचा निघून जातो. आपल्या बाळाच्या उजव्या कानाचे तसेच झालेले असू शकते. डाव्या कानाचे मात्र सहा आठवड्यांनंतरही तेच उत्तर आले आहे, त्यामुळे 'पाणी असेल' हे स्पष्टीकरण आता पुरत नाही. पडद्यामागे खरोखर पाणी असेल तर तेही तपासून सांगता येते. त्यासाठी टिम्पॅनोमेट्री करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती १००० हर्ट्झच्या स्वरावर करावी लागते, कारण मोठ्यांसाठीचा नेहमीचा स्वर इतक्या लहान कानात फसवे उत्तर देतो.

आता उजव्या कानाविषयी, जे आपल्याला कदाचित कोणी सांगितले नसेल. ओएई फक्त शंखाकृती भागापर्यंतची खबर देते. तिथून पुढे मेंदूपर्यंत जाणारी नस नीट काम करते की नाही, हे तिला कळत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या, विशेषतः तीव्र कावीळ झालेल्या काही बाळांमध्ये केशपेशी शाबूत असतात पण नसेकडून जाणारा संदेश विस्कटलेला असतो. अशा बाळाची ओएई 'पास' येते आणि तरीही त्याला बोलणे उमगत नाही. म्हणूनच पाच दिवसांपेक्षा जास्त काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची तपासणी बेरासारख्या नसेपर्यंत पोहोचणाऱ्या चाचणीनेच करावी, असा संकेत आहे. अमिकासिन, जेन्टामायसिन या गटातील औषधे पाच दिवसांहून अधिक काळ दिली गेली असतील तर तीही जोखमीच्या यादीत येतात. औषध दिले ते चुकले असे यातून कृपया समजू नका. त्या वेळी जीव वाचवणे महत्त्वाचे होते.

बेरामध्ये कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाणाऱ्या विद्युत लहरी संगणकावर टिपतात. पाचवी लाट किती हळू आवाजापर्यंत दिसते हे आम्ही पाहत जातो. सुई नाही, वेदना नाही. अट एकच, बाळ गाढ झोपलेले हवे. आपल्या आईच्या भीतीचे उत्तर इथेच आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळ पोटभर दूध पिऊन आपसूक गाढ झोपते, त्यामुळे औषधाची गरज सहसा पडत नाही. आपला मुलगा सात आठवडे आधी आला असल्याने सुधारित वयाने तो जेमतेम महिन्याभराचा आहे, म्हणजे ही सोय अजून आपल्या हातात आहे. वर्षभराचे पोर मात्र इलेक्ट्रोड लावताच डोळे उघडते आणि तारा ओढते, आणि त्या वयात झोपेचे सिरप द्यावे लागते. औषध टाळायचे असेल तर थांबू नये, असा उलटा हिशेब आहे.

सुधारित वय तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा, कारण लहरींचे मोजमाप त्यानुसार वाचावे लागते. तपासणीच्या सकाळी बाळाला थोडे जागे ठेवा, दूध तिथे पोहोचल्यावर पाजा, आणि आदल्या दिवशीच्या मालिशीत डोक्याला तेल लावू नका, नाहीतर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. कानात तेल सोडण्याची पद्धत तर कायमची बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या बाळांपैकी कितीतरी जणांच्या कानाच्या नळीत खोबरेल तेल आणि बेसनाचा लगदा सापडतो आणि मग पहिला अर्धा तास सफाईत जातो.

थाळीविषयी. थाळीचा आवाज फार मोठा असतो, पाळणा हादरतो, हवा हलते, मागे उभ्या असलेल्या माणसाची सावली पडते. बाळ यांपैकी कशालाही दचकू शकते. मध्यम प्रतीचा श्रवणदोष असलेले मूलही थाळीला दचकेल, पण 'साखर' आणि 'आखर' यांतला फरक त्याला ऐकू येणार नाही. आणि एक कान चांगला असेल तर दुसऱ्याचा दोष घरातल्या कोणत्याही प्रयोगात उघडकीला येत नाही.

जन्मतः कायमचा श्रवणदोष असण्याचे प्रमाण दर हजारी साधारण एक ते तीन बाळे इतके आहे आणि अतिदक्षता विभागातील बाळांत ते बरेच जास्त असते. त्यामुळे जगभर एक-तीन-सहा हा दंडक पाळतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू. यामागे नुसता उत्साह नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. मामा साडेतीन वर्षांनी बोलले, याचा आनंद आहे; परंतु ते साडेतीन वर्षे ऐकत होते.

खर्चाचा प्रश्न असेल तर नागपुरातील मेडिकल, मेयो या शासकीय रुग्णालयांच्या किंवा मिहानमधील एम्सच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश २०१३ पासून आहे, आणि त्यातील बाळांना पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरील डीईआयसी, म्हणजे लवकर निदान व मदतीच्या, केंद्राकडे पाठवले जाते. आपल्या भागातील आशाताईंनाही याची माहिती असते.

जाता जाता, ज्यांच्या घरी आता बाळंतपण जवळ आले आहे त्यांच्यासाठी : सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग जन्माआधी झाला तर श्रवणदोष येऊ शकतो; 'रेफर' आलेल्या बाळाची त्यासाठी लाळ किंवा लघवी तपासायची असेल तर ती पहिल्या २१ दिवसांत तपासावी लागते. त्यानंतर सापडलेला विषाणू जन्माआधीचा की नंतरचा, हे खात्रीने सांगता येत नाही. मूळ प्रश्नातील बाळासाठी ती वेळ निघून गेली आहे.


उत्तर : नऊ वर्षांच्या मुलीची आई, खामला

वरील उत्तरात शास्त्र आलेच आहे. थांबल्यावर काय होते तेवढे मी सांगते, कारण आम्ही थांबलो होतो.

आमची मुलगी पूर्ण दिवसांची, तीन किलोची, कोणतीही गुंतागुंत नसलेली होती. जन्माच्या वेळी तिच्या कानाची चाचणी झालीच नाही आणि आम्हालाही ती असते हे ठाऊक नव्हते. चौथ्या महिन्यात ती इतर बाळांसारखीच आवाज काढत होती, हुंकार देत होती, म्हणून शंका आली नाही. कर्णबधिर बाळेही सुरुवातीचे काही महिने असे आवाज काढतात, हे मला फार नंतर समजले. आठव्या-नवव्या महिन्यात 'बाबाबाबा', 'दादादादा' सुरू व्हायला हवे होते, त्याऐवजी ती हळूहळू शांत होत गेली आणि आम्ही तिला 'समजूतदार' म्हणू लागलो. दिवाळीत लवंगी माळ लागली तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपूनच राहिली. मी नवऱ्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या रात्री आम्ही दोघेही त्यावर एक शब्द बोललो नाही. तेव्हा ती १४ महिन्यांची होती.

त्यानंतरही बेरा दोनदा फसली, कारण सिरप देऊनही ती निम्म्यात उठली. १७व्या महिन्यात अहवाल हातात आला : दोन्ही कानांत अतितीव्र दोष. १८व्या महिन्यात श्रवणयंत्रे लागली आणि तीन वर्षांची होता होता एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचे आणि श्रवणाच्या नसेला थेट संदेश देणारे यंत्र, बसले. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र शासनाच्या एडिप योजनेत त्यासाठी तेव्हा पाच वर्षांपर्यंतच वयाची मर्यादा होती, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ करतानाही घड्याळ मागे लागलेले होते. आज ती साध्या शाळेत चौथीत आहे आणि भांडणात कोणालाही ऐकत नाही. पण जोडाक्षरे अजून अडतात, गर्दीत ती गप्प होते, आणि थेरपीच्या खोलीत सहा महिन्यांचे यंत्र लावलेले बाळ दिसले की मला आजही त्याच्या आईचा हेवा वाटतो.

आपल्या बाळाला यंत्र लागेलच असे नाही. लागलेच तर पुढील गोष्टी कागदावर कोणी लिहून देत नाही, म्हणून सांगते. बाळाचा कान इतक्या झपाट्याने वाढतो की पहिल्या वर्षात कानाचा मोल्ड, म्हणजे यंत्र कानात बसवणारा मापाचा साचा, दर एक-दोन महिन्यांनी नव्याने करावा लागतो. मोल्ड सैल झाला की यंत्र शिट्टी मारते. बाळाला अंगावर पाजायला घेतले की कान छातीला टेकतो आणि तेव्हाही शिट्टी वाजते. मी पहिल्या आठवड्यात यंत्र बिघडले म्हणून दोनदा दुकानात धावले होते. यंत्राला दोरा बांधून तो झबल्याच्या मागे पिनेने अडकवावा, नाहीतर ते थेट तोंडात जाते. सेलचे झाकण बाळाला न उघडणारेच मागून घ्या, कारण तो बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजू शकते. रात्री यंत्र काढल्यावर सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, विशेषतः पावसाळ्यात.

उन्हाळ्याचे दुखणे मात्र आपल्या नागपूरचेच. मार्च उजाडला की घराघरात खिडकीला डेझर्ट कूलर बसतो आणि जूनपर्यंत त्याची घरघर बंद होत नाही. ज्याला चांगले ऐकू येते त्याचा मेंदू ती घरघर बाजूला सारतो. यंत्र लावलेल्या बाळाच्या मेंदूला ते जमत नाही. यंत्र बोलण्याबरोबर कूलरही मोठा करून देते. आम्ही सकाळी ११ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कूलर बंद ठेवून तेवढ्या वेळात बोलण्याचे सगळे खेळ उरकायचो. घामाने सगळे चिंब व्हायचे, पण तेच तास खरे उपयोगाचे होते.

खेळ म्हणजे काही मोठे नाही. रोज सकाळी यंत्र लावल्यावर तिच्या मागे बसून मी ओठ न दाखवता सहा आवाज काढायचे : आ, ई, ऊ, म, श, स. याला लिंगची सहा ध्वनींची चाचणी म्हणतात. बोलण्यातले जाड आणि बारीक असे सगळे स्वर या सहांत येतात. 'म' आणि 'ऊ' ला ती लवकर मान वळवू लागली, 'श' ला कितीतरी दिवसांनी, आणि 'स' साठी इम्प्लांटपर्यंत वाट पाहावी लागली. एखाद्या दिवशी नेहमीच्या आवाजालाही प्रतिसाद आला नाही तर सेल संपला, नळीत घाम साचला किंवा सर्दीने कान भरला, असे त्याच दिवशी लक्षात येत असे.

भाषेविषयी आम्हाला एकाने असा सल्ला दिला होता की पुढे शाळेत उपयोग होईल म्हणून घरात फक्त इंग्रजी बोला. आम्ही दोन महिने तो मूर्खपणा केला. पोळी लाटताना, भाजी निवडताना, आंघोळ घालताना ज्या भाषेत तोंडातून आपोआप शब्द निघतात त्याच भाषेत बाळाशी बोलावे. माझ्या सासूबाई तिच्याशी दिवसभर वऱ्हाडीत बोलत, आणि तिचे पहिले वाक्य 'मले दे' हे होते.


उत्तर : कर्णबधिर शिक्षक, महाल

मी जन्मापासून ऐकू शकत नाही. हे सर्व मी माझ्या दुसऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, लिहीत आहे. माझी पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत आणि तपासणी लगेच करावी याविषयी माझे काहीही दुमत नाही. परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली आहे.

'लवकर मदत' या शब्दांचा अर्थ बहुतेक घरांत 'लवकर यंत्र' असा घेतला जातो. निदान तिसऱ्या महिन्यात झाले, यंत्र पाचव्या महिन्यात आले, त्यातून काही उपयोग होतो की नाही हे वर्षाच्या सुमारास कळले आणि मग इम्प्लांटचा विचार सुरू झाला, तर या संपूर्ण काळात बाळापर्यंत कोणती भाषा पोहोचली? बाळाचा मेंदू यंत्राच्या कागदपत्रांसाठी थांबत नाही. डोळे पहिल्या दिवसापासून उघडे असतात. ज्या घरात आईवडील सांकेतिक भाषा वापरतात तिथले कर्णबधिर बाळ हातांनी बोबडे बोलते आणि नंतर ज्या वयात इतर मुले तोंडाने पहिला शब्द उच्चारतात त्याच सुमारास ते हाताने पहिला शब्द करते. तथापि दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि त्या आईवडिलांनी आमच्यापैकी कोणाला जवळून पाहिलेलेही नसते.

माझ्या लहानपणी घरी जेवताना सगळे एकदम हसत आणि मी "काय झाले?" असे खुणेने विचारले की "काही नाही, नंतर सांगते" असे उत्तर येई. ते 'नंतर' कधीच आले नाही. मला अन्नवस्त्र सगळे मिळाले. घरातली बातमी मात्र मिळाली नाही. आठव्या वर्षी निवासी शाळेत गेलो तेव्हा मोठ्या मुलांनी रात्री दिव्याखाली बसून मला गोष्टी सांगितल्या, आणि मला पहिल्यांदा समजले की माझ्या आजोबांच्या मृत्यूला लोक 'मृत्यू' म्हणतात. तोपर्यंत ते गावाला गेले आहेत असेच मी धरून चाललो होतो.

त्यामुळे ज्या बाळाचे निदान दोन्ही कानांचे येईल त्याच्या पालकांना माझी विनंती आहे की यंत्र अवश्य लावा, थेरपीलाही जा, आणि त्याबरोबर दूध, पुरे, आई, अजून, दुखते अशी पाच-दहा चिन्हे आजच शिका. दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून काम करते आणि त्यांचा चित्रफितींचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. बाळाशी बोलताना खिडकीकडे पाठ करू नका, कारण मग तुमचा चेहरा काळा दिसतो. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे. पाळण्याजवळ अचानक जाऊ नका, आधी त्याच्या नजरेच्या टप्प्यात या. आणि दाखल्यावर किंवा नातेवाइकांत 'मुका-बहिरा' हा शब्द कोणी वापरला तर त्याला तिथेच थांबवा. आम्ही मुके नाही.


उत्तर : नऊ वर्षांच्या मुलीची आई, खामला

सर, आपले लिहिणे वाचून रात्री बराच वेळ झोप आली नाही. आम्हाला थेरपीच्या पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते की हाताच्या खुणा अजिबात करू नका, मूल आळशी होईल आणि बोलणार नाही. त्यामुळे मी माझेच हात पदरात धरून बसत असे. ते बरोबर होते की चूक, हे आता ठरवता येत नाही. आंघोळीच्या वेळी, पोहताना आणि रात्री यंत्र काढल्यावर मुलीला आजही काहीच ऐकू येत नाही, आणि त्या वेळेसाठी आमच्या दोघींच्या दहा-बारा खुणा आपोआप तयार झाल्या आहेत.


उत्तर : श्रवणतज्ज्ञ, धंतोली

खुणांमुळे मूल बोलायचे थांबते, या समजुतीला आधार सापडलेला नाही, आणि आमच्या व्यवसायात ती दीर्घकाळ ठामपणे सांगितली गेली हे मला मान्य करावे लागेल. बोलण्यावर भर देणारी थेरपी ज्यांनी निवडली त्यांनी ऐकण्याचा सराव यंत्र लावून भरपूर करावा, कारण इम्प्लांटनंतरची प्रगती जागेपणी किती तास यंत्र कानावर राहते यावर फार अवलंबून असते. मात्र त्यासाठी आईचे हात बांधण्याची आवश्यकता नाही. नागपुरात केंद्र शासनाचे सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र, आहे. तिथेही पालकांनी चौकशी करावी.


प्रश्नकर्ता : मानेवाड्याचा नवा बाबा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. आपली उत्तरे मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. थाळीच्या परिच्छेदावर ती रागावली, पण झोपेच्या औषधाच्या परिच्छेदानंतर तिनेच विचारले की मग उद्याच का जात नाही.

तपासणी गेल्या मंगळवारी झाली. ऑटोत बसल्याबरोबर साहेब पेंगू लागले, म्हणून बायको तुकडोजी पुतळा चौकापासून धंतोलीपर्यंत त्याचे तळपाय चोळत होती. तिथे पोहोचून दूध पाजले आणि दहा मिनिटांत तो असा झोपला की इलेक्ट्रोड लावताना पापणीही हलली नाही. सव्वा तास लागला, औषध लागले नाही. पडद्यावर एकावर एक रेषा उमटत होत्या आणि तपासणाऱ्या ताईंनी मला पाचवी लाट बोटाने दाखवली. उजव्या कानात ती ३० डेसिबलपर्यंत स्पष्ट दिसत होती, म्हणजे तो कान आणि त्याची नसही व्यवस्थित आहे. डाव्या कानात ६० डेसिबलला दिसली आणि त्याखाली सपाट रेष. पडद्यामागे पाणी नाही. हाडामार्फत आवाज देऊनही तपासले, आणि दोष आतल्या कानाचा आहे असे सांगितले.

एका कानाचा मध्यम दोष म्हणजे मोठे संकट नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही, असे त्यांनी समजावले. आवाज कुठून येतो हे ओळखायला आणि गोंगाटात बोलणे समजायला दोन्ही कान लागतात. शिवाय चांगला कान सर्दीने भरला तर मूल दोन्हीकडून अडचणीत येते. काही मुलांत दोष पुढे वाढतो किंवा दुसऱ्या कानातही उतरतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी करायची आहे. डाव्या कानासाठी यंत्र लावून पाहण्याचा सल्ला दिला आहे आणि मोल्डचे माप येत्या शुक्रवारी घेणार आहेत.

पाळणा आजवर अशा जागी होता की बाळाचा उजवा कान भिंतीकडे राहायचा आणि घरातले सगळे बोलणे डावीकडून यायचे. आम्ही परतल्यावर आईने कोणाला न विचारता पाळण्याचे डोके-पाय उलटे केले आणि पूर्ण घर एकदा फिरून पाहिले. काल कूलर बसवणारा मुलगा आला तेव्हा नेहमीची खिडकी नाकारून तिने त्याला स्वयंपाकघराजवळची लहान खिडकी दाखवली. तो म्हणाला, "काकू, इथून हवा येणार नाही खोलीत." त्यावर ती म्हणाली, "हवा कमी आली तं चालते. आवाजही कमी आला पाहिजे."